पदक गळ्यात, पण अंगात रक्त किती?

डिसेंबर संपून जानेवारी उजाडला की आपल्या जिल्ह्यातील माध्यमिक शाळांमध्ये एकच धांदल उडते. स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, हस्तलिखिताचे प्रकाशन आणि पारितोषिक वितरण. मुख्याध्यापक वार्षिक अहवाल वाचतात. दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीधारक, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतील श्रेणी, वक्तृत्व स्पर्धेतील ढाल, कबड्डी आणि खो-खोच्या संघांनी तालुका ओलांडून जिल्ह्यापर्यंत मारलेली मजल. पालक टाळ्या वाजवतात आणि मुलांचे चेहरे फुलतात.

डॉक्टर म्हणून अशा कार्यक्रमांना जाण्याचा योग मला अनेकदा येतो. मुलांचे यश पाहून समाधान वाटते. मात्र अहवालात एक रकाना मला कधीच आढळत नाही. आपल्या शाळेतील किती मुलींचे हिमोग्लोबीन बारा ग्रॅमच्या वर आहे, हा तो रकाना. हा आकडा बाकी सगळ्या आकड्यांच्या मुळाशी आहे. धावणे असो, पाठांतर असो की तीन तास बसून पेपर सोडवणे असो, शरीराला प्राणवायू पोहोचला तरच ते जमते.

आपली माती कमी नाही

परभणीच्या मुलींमध्ये दम नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने ज्योती गवते हे नाव आठवावे. परभणीच्या या धावपटूने जानेवारी २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉन शर्यतीत भारतीय महिलांच्या गटात पहिला क्रमांक पटकावला. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. हे अंतर तिने तीन तासांच्या आत पार केले. पुढच्या दोन वर्षीही त्याच शर्यतीत ती भारतीय महिलांमध्ये दुसरी आली. शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळवले. लहानपणी तो घर ते शाळा हे सहा किलोमीटरचे अंतर पायीच कापत असे.

म्हणजे मराठवाड्याच्या हवेत, पाण्यात किंवा भाकरीत काही उणे आहे असे नाही. उणे कुठे आहे ते पाहण्यासाठी शाळेच्या मैदानावरच जावे लागेल.

चक्कर येणारी चढाईपटू

काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली. मुलगी शाळेच्या कबड्डी संघात होती. चढाईला चपळ, पण दोन-तीन चढाया झाल्या की धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सरावात एकदा ती खालीच बसली. घरच्यांनी खेळ बंद करायचे ठरवले होते. आईचे म्हणणे एकच होते, "पोरीच्या अंगात रगत नाही डॉक्टरसाहेब, एखादी बाटली लावा की."

आईचे निदान बरोबर होते, उपाय मात्र चुकीचा होता. सलाईनच्या बाटलीत मीठ-पाणी असते, नाहीतर साखर-पाणी. त्यात लोह नसते. बाटली लावल्याने रक्त वाढत नाही, फक्त खिसा हलका होतो. मुलीचे हिमोग्लोबीन तपासले. ते साडेआठ ग्रॅम भरले. बोलता बोलता असेही कळले की ती पाटीवरची पेन्सिल आणि भाजलेली माती खाते. आई त्यासाठी तिला मारायची.

पालकांनी येथे लक्ष द्यावे. माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हा पुष्कळदा मुलीचा चटोरपणा नसतो. अंगातील लोह कमी झाल्याची ती खूण असू शकते. अशा मुलीला मार नको, रक्ताची तपासणी हवी.

तिला जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि आहार सांगितला. महिन्याभरात धाप कमी झाली. आईला वाटले, झाले काम, आता गोळ्या बंद कराव्यात. मी नको म्हणालो. रक्तातील आकडा आधी सुधारतो, पण यकृतात आणि हाडांच्या मगजात असलेला लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने लागतात. साठा न भरताच गोळ्या थांबवल्या तर दोन-तीन पाळ्यांनंतर मुलगी पुन्हा पहिल्या जागी येते. आईने ऐकले. पुढच्या वर्षी ती मुलगी संघात होती.

रक्तक्षय म्हणजे नेमके काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबीन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि स्नायू, मेंदू, हृदय यांना नेऊन द्यायचा, हे त्याचे काम. हे द्रव्य तयार होण्यासाठी लोह लागते. लोह कमी पडले की प्राणवायूची वाहतूक मंदावते. मग हृदयाला जास्त वेगाने काम करावे लागते. म्हणून छातीत धडधडते, जिना चढताना दम लागतो, डोके दुखते, वर्गात झापड येते, वाचलेले लक्षात राहत नाही. शिक्षक म्हणतात मुलगी आळशी आहे आणि घरी म्हणतात कामचुकार आहे. खरे पाहता तिच्या शरीरात इंधनच कमी असते.

बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबीन १२ ग्रॅम किंवा अधिक असावे. ११ ते १२ च्या दरम्यान असेल तर सौम्य, ८ ते ११ असेल तर मध्यम आणि ८ च्या खाली गेले तर तीव्र रक्तक्षय समजतात. मुलांनाही हा त्रास होतो. पंधरा वर्षांनंतर मुलांसाठी ही मर्यादा १३ ग्रॅम आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त होते. महाराष्ट्रातही या वयाच्या निम्म्याहून अधिक मुली त्यात मोडतात. याचा अर्थ असा की कबड्डीच्या संघातील सात मुली उभ्या केल्या तर त्यातील चौघींचे रक्त कमी असण्याचा संभव आहे. आणि ज्या मुली मैदानावर येतच नाहीत, "मला दम लागतो" म्हणून कडेला बसतात, त्यांचे नाव तर कुठल्याच अहवालात येत नाही.

याच वयात का?

तीन कारणे एकाच वेळी येतात. बारा ते सोळा या वयात उंची आणि वजन झपाट्याने वाढते, त्यामुळे लोहाची गरज वाढते. मुलींना पाळी सुरू होते आणि दर महिन्याला रक्त जाते. तिसरे कारण जंत. शेतात किंवा उघड्यावर शौचाला गेलेल्या जागी अनवाणी चालले की हुकवर्म नावाच्या जंताच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. मोठे झालेले जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून पायात चप्पल हीसुद्धा रक्तवाढीची दवा आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते, तर त्याच वयाच्या मुलाला २२ मिलिग्रॅम. मुलीची गरज अधिक आहे. पण आपल्या घरात ताट वाढण्याचा क्रम कसा असतो? आधी पुरुष, मग मुलगा, मग मुलगी आणि सर्वांत शेवटी आई. जिची गरज जास्त, तिच्या वाट्याला तळाची भाजी.

भाकरीची ताकद

आहाराचा विषय निघाला की लोक महागड्या डब्यांकडे वळतात. त्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातच एक मोठे काम झाले आहे, ते प्रत्येक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडावे असे आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने ज्वारीचा "परभणी शक्ती" हा वाण विकसित केला. तो २०१८ मध्ये प्रसारित झाला. या ज्वारीच्या एका किलोत सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या वाणांत लोह ३० आणि जस्त २० मिलिग्रॅमच्या आसपास असते.

हिशेब करून पाहा. एखादी मुलगी दिवसभरात पाव किलोहून थोडे कमी, म्हणजे दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाते असे धरू. नेहमीच्या ज्वारीतून तिला ६ मिलिग्रॅम लोह मिळेल, तर शक्ती वाणातून ९ मिलिग्रॅम. खर्च तोच, चूल तीच, फक्त बियाणे वेगळे. गरज ३० ची आहे, तेव्हा नुसत्या भाकरीने भागणार नाही हे खरे. पण रोज तीन मिलिग्रॅमची भर वर्षभर पडत राहिली तर ती लहान नाही.

उरलेले लोह कशातून मिळवावे? मटकी, हुलगे, हरभरा आणि इतर डाळी, बाजरी, तीळ, अळीव, जवस व कारळाची चटणी, अंबाडी, तांदुळजा, करडईची भाजी. मांसाहार चालत असेल तर मटण, विशेषतः काळीज, आणि मासे. मांसातील लोह शरीर सहज शोषून घेते. धान्यातील आणि भाजीतील लोह तसे चटकन शोषले जात नाही, म्हणून त्याला क जीवनसत्त्वाची जोड द्यावी. जेवणात लिंबाची फोड असावी. आवळा, पेरू यापैकी काही मिळाले तर उत्तम. मोड आणलेल्या कडधान्यातील लोह अधिक अंगी लागते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून त्यांनी रक्त वाढते, असे नाही. फळे-भाज्या म्हणून ती जरूर खावीत, औषध म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. दुसरा गैरसमज चहाचा. चहातील द्रव्ये अन्नातील लोहाला बांधून ठेवतात. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला तर खाल्लेले लोह पुष्कळसे वाया जाते. चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. सकाळी फक्त चहा आणि टोस्ट खाऊन शाळेला जाणारी मुलगी दुपारी मैदानावर काय धावणार?

सोमवारची निळी गोळी

शासनाची साप्ताहिक लोह गोळीची योजना देशभरात २०१२-१३ पासून राबवली जात आहे. सहावी ते बारावीच्या मुला-मुलींना आठवड्यातून एकदा, बहुधा सोमवारी, निळ्या रंगाची गोळी दिली जाते. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. सोबत वर्षातून दोनदा, साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, जंतनाशक गोळी देतात.

ही गोळी फुकट मिळते, तरी पुष्कळ मुले ती खिशात ठेवतात आणि घरी जाताना फेकून देतात. कारण विचारले तर मळमळते, शौचाला काळे होते, कोणीतरी सांगितले की गोळीने मुलं होत नाहीत. यातील शेवटची गोष्ट निव्वळ अफवा आहे. शौचाचा रंग काळा होणे निरुपद्रवी असून गोळी पोटात गेल्याचा तो पुरावा आहे. मळमळ टाळण्यासाठी गोळी उपाशीपोटी घेऊ नये, जेवणानंतर पाण्यासोबत घ्यावी.

हे काम शिक्षकांपेक्षा विद्यार्थी चांगले करू शकतात, असे माझे मत आहे. बहुतेक शाळांत शालेय मंत्रिमंडळ असते. त्यात आरोग्यमंत्री निवडला जातो, पण त्याला हातपाय धुण्याच्या रांगेपलीकडे काम नसते. त्याच्याकडे, किंवा अधिक चांगले म्हणजे तिच्याकडे, सोमवारची वही सोपवावी. वर्गातील कोणी गोळी घेतली, कोणी नाही, कोणाला त्रास झाला, याची नोंद मुलींनीच ठेवावी. मैत्रिणीने गोळी घेतलेली पाहिली की दुसरीची भीती जाते. मात्र हिमोग्लोबीन १२ च्या खाली असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचाराची मात्रा घ्यावी.

तपासणीसाठीही पदरचे पैसे लागत नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांना तपासते. त्या दिवशी मुलीला शेतावर किंवा घरकामाला ठेवू नये. ऊसतोडीसाठी आई-वडील बाहेरगावी गेलेले असतील आणि मुलगी आजीजवळ असेल, तर आजीला तपासणीचा दिवस आणि गोळीचा वार आवर्जून सांगावा. अशाच मुली यादीतून सुटतात.

नववीपासून डब्याचा प्रश्न

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. नववीत गेले की ताट बंद. म्हणजे शरीराची भूक जेव्हा सर्वांत मोठी असते, त्याच वेळी शाळेतील जेवण थांबते. गावाहून एसटीने तालुक्याला येणारी मुले सकाळी आठला घर सोडतात आणि संध्याकाळी सहाला परततात. मधल्या सुटीत कुरकुरे किंवा वडापाव, आणि त्यानंतर खेळाचा सराव. या वयाच्या मुलांना दोन भाकरी, मोडाची उसळ किंवा पिठले आणि शेंगदाण्याची चटणी असा डबा द्यावाच. सरावानंतर खायला भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एखादे केळे खिशात असावे. सामन्याच्या दिवशी उपाशी धावू नये. दोन-तीन तास आधी नेहमीचे जेवण घ्यावे. बाजारातील ताकदीच्या पावडरी आणि फसफसणारी पेये यांच्या नादी मुळीच लागू नये.

आणखी एक गोष्ट पाण्याची. परभणीचे ऊन आपल्याला सांगायला नको. तरीही मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण शाळेतील स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते. त्यातून लघवीची जळजळ, डोकेदुखी, चक्कर सुरू होते. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये "पाण्याची घंटा" सुरू केली. दिवसातून ठरावीक वेळा घंटा वाजते आणि सर्व मुले पाणी पितात. आपल्याकडे ते सहज जमेल, पण आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला दार, कडी आणि पाणी हवे.

खेळणारी मुलगी शाळेत टिकते

हा सगळा खटाटोप एका पदकासाठी नाही. वर उल्लेखिलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. म्हणजे जवळपास दोघींमागे एक. अंगात रक्त कमी असलेली मुलगी अभ्यासात मागे पडते, खेळ सोडते, शाळेला दांड्या मारते. मग घरात म्हणतात, शिकत नाही तर उजवून टाका. सतराव्या वर्षी नऊ ग्रॅम रक्तावर ती गरोदर राहते. बाळ कमी वजनाचे होते, बाळंतपणात थोडासा रक्तस्राव झाला तरी जीवावर बेतते. प्रसूतिगृहात धावाधाव करण्याऐवजी नववीच्या वर्गातच हे थांबवणे सोपे आणि स्वस्त आहे.

याउलट, ज्या मुलीचे नाव संघात आहे, जिला गुरुजी सरावाला बोलावतात, जिला दहावीत खेळाचे सवलतीचे गुण मिळू शकतात, तिच्या शिक्षणाची बाजू घरात भक्कम होते. म्हणून मुख्याध्यापकांना आणि शालेय व्यवस्थापनाला माझी विनंती आहे. खेळाचे संघ निवडण्यापूर्वी आणि वर्षअखेरीस मुलींचे हिमोग्लोबीन तपासून घ्या. कोणाचेही नाव जाहीर न करता, सुरुवातीला किती मुली बाराच्या वर होत्या आणि शेवटी किती, एवढे दोनच आकडे फलकावर लिहा.

पालकांनी करावयाच्या गोष्टी थोडक्यात अशा:

१. मुलगी वारंवार थकत असेल, धाप लागत असेल, माती-खडू खात असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबीन तपासा.

२. पाळी आठ दिवसांहून अधिक चालत असेल किंवा फार अंगावर जात असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

३. सोमवारची गोळी घेतली का, हे दर सोमवारी विचारा.

४. जेवणात लिंबू ठेवा आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवा.

५. सुरू केलेले लोहाचे औषध बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडू नका.

६. घरात ताट वाढताना शाळकरी मुलीला मुलाबरोबरच आणि त्याच्याइतकेच वाढा.

सहावी गोष्ट सर्वांत अवघड आहे, हे मी जाणतो. पण तिला दमडीचाही खर्च नाही, आणि ती आज रात्रीच्या जेवणापासून सुरू करता येते.